पंडिता रमाबाई आणि केडगावचा भाजीमळा

आषाढाच्या पहिल्या सरी पडून गेल्या की आमच्या वऱ्हाडात बांधावर, पांदणीच्या कडेला आणि पडक्या गढीच्या पायथ्याशी तरोटा उगवतो. कोकणात व देशावर यालाच टाकळा म्हणतात. त्याचे कोवळे शेंडे खुडून, तिखट-मीठ व लसणाची फोडणी देऊन केलेली भाजी ज्वारीच्या भाकरीबरोबर किती गोड लागते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण हीच भाजी चुलीवर असताना दारी पाहुणा आला तर घरची बाई लगबगीने त्या भांड्यावर झाकण ठेवते, असेही आम्ही पाहिले आहे. एका खेड्यात एका उपदेशकाच्या घरी आम्ही अवेळी जाऊन उतरलो, तेव्हा त्या बाईने शेजारून बटाटे उसने आणून आम्हांस वाढले. तरोट्याचा वास मात्र सगळ्या घरभर दरवळत होता आणि आमचे मन त्या झाकलेल्या भांड्यातच होते. रानचा पाला म्हणजे दरिद्र्याचे अन्न, ही समजूत फार खोल गेलेली आहे. या निमित्ताने आम्हांस एका थोर बाईंच्या चरित्राची आठवण झाली. त्यांनी लहानपणी खरोखरच झाडाची पाने खाऊन दिवस काढले आणि पुढे शेकडो मुलींच्या हातांत खुरपे देऊन त्यांस स्वतःचे अन्न पिकवावयास लावले. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांची विद्वत्ता, त्यांचे परदेशगमन, त्यांचे ख्रिस्ती होणे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही आज त्यांचे चरित्र चुलीच्या आणि वाफ्याच्या बाजूने सांगणार आहोत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ या ठिकाणी झाला. हे ठिकाण आता कर्नाटक राज्यात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, त्यांनी संस्कृत शिकविले म्हणून जातभाईंचा रोष झाला, तेव्हा ते रानात जाऊन राहिले. तेथे त्यांनी जमीन साफ करून घर बांधले, विद्यार्थी ठेवले. येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंस त्या घरी जेवण मिळे. लक्ष्मीबाई घरातले, गोठ्यातले आणि स्वयंपाकाचे सर्व काम पाहून पुन्हा शिकत व शिकवीत. अन्नदान हे पुण्य, म्हणून शास्त्रीबोवांनी हात आखडता घेतला नाही. शेवटी वतनवाडी संपली. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना त्यांस वेताच्या पेटाऱ्यात घालून कुटुंब तीर्थयात्रेस निघाले, ते पुन्हा घर करून राहिले नाही.

पुराण सांगावे, लोक जी दक्षिणा व शिधा देतील त्यावर राहावे आणि पुढच्या तीर्थास जावे, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला. आईने मुलीस पाठ देऊन देऊन भागवताचे अठरा हजार श्लोक तिच्या मुखी करविले. परंतु बी केव्हा पेरावे, वाफ्यास पाणी कसे द्यावे, सूत कसे काढावे, यातले काहीच त्या घरातील मुलांस शिकविले गेले नाही. अंगमेहनतीचे काम करणे हे त्यांच्या कुळास कमीपणाचे वाटे आणि भीक मागणेही तितकेच लाजिरवाणे वाटे. चांगल्या दिवसांत ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही.

मग दुष्काळ आला. सन १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात धान्य महाग झाले, तेव्हा पुराण ऐकावयास व शिधा द्यावयास कोण येणार? जवळचे दागिने, भांडी, वस्त्रे एकामागून एक विकली गेली. शेवटचा दाणा संपल्यावर शास्त्रीबोवांनी ठरविले की, लोकांत लाजिरवाणे मरण येण्यापेक्षा तिरुपतीच्या रानात जाऊन देह ठेवावा. अकरा दिवस आणि अकरा रात्री ते कुटुंब त्या रानात पाण्यावर, झाडांच्या पानांवर आणि मूठभर रानटी खजुरांवर राहिले. अखेरीस थोरला मुलगा श्रीनिवास याने कुळाचा अभिमान सोडून मोलमजुरी करण्याचे मनात आणले, तेव्हा ते सर्व रानाबाहेर पडले. पण उशीर झाला होता. वडील गेले, थोड्याच काळात आई गेली, मागून थोरली बहीणही गेली.

आईच्या शेवटच्या दिवसांतली एक हकीकत रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवली आहे. आईस बाजरीच्या भाकरीची इच्छा झाली. घरात काही नव्हते. मुलगी शेजारच्या ब्राह्मण बाईंकडे गेली, पण मागावयास जीभ उचलेना, नुसते डोळे वाहू लागले. त्या बाईंनी तिच्या चेहऱ्यावरून ओळखून भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन ती धावत आली, तेव्हा आईच्या अंगात तो खाण्याइतकेही बळ उरले नव्हते.

वाचकहो, या प्रसंगाकडे आम्ही फार वेळ पाहत बसतो. अठरा हजार श्लोक मुखी असलेली मुलगी रानात कोणते पान खावे व कोणते खाऊ नये हे जाणत नव्हती. आमच्या मेळघाटातील कोरकू बाईस हे ज्ञान कोणी पोथीतून दिलेले नसते. कोणत्या पावसात कोणता पाला कोवळा असतो, कोणता कंद उकळून पाणी टाकल्याशिवाय खाऊ नये, मोह केव्हा वेचावा हे ती आईच्या मागे चालता चालता शिकते. त्या विद्येस आपण विद्या म्हणत नाही, हा आमचा दोष आहे.

भाऊ व बहीण यांनी यानंतर पायीच बहुतेक सारा हिंदुस्थान पालथा घातला. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून त्यांनी वाळूत खड्डे करून त्यांत अंग पुरून रात्री काढल्या. कधी कधी मूठभर धान्य पाण्यात भिजवून मिठाबरोबर खाणे एवढेच जेवण असे. सन १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. या भागाविषयी सर्वत्र लिहिलेले सापडते, म्हणून आम्ही तो लवकर आटोपतो. सन १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला, १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती पटकीने वारले. रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज काढला व स्त्रीधर्मनीति हा ग्रंथ छापला. १८८३ मध्ये त्या विलायतेस गेल्या आणि तेथे वाँटेज गावी त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

येथे अन्नाचा एक प्रश्न उभा राहिला. तो आमच्या मंडळ्यांतही मधून मधून उठत असतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. ख्रिस्ती झाल्यावर खाण्यापिण्याच्या जुन्या चाली टाकल्याच पाहिजेत काय? वाँटेजच्या मठातील काही भगिनींस वाटे की टाकल्या पाहिजेत. पंडिताबाई मांस खात नसत, अंडे घातलेला गोड पदार्थही घेत नसत. भगिनींच्या मते हा जातीच्या अभिमानाचा उरलेला अंश होता. बाईंनी ते मान्य केले नाही. आपण कोणत्या देशाच्या व कोणत्या लोकांच्या आहोत हे विसरून जाण्यास धर्म सांगत नाही, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी विलायतेत व पुढे अमेरिकेतही आपला शाकाहार सोडला नाही. जातीच्या नियमाने बांधले जाणे आणि आवडीने भाजीभाकर खाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्यांस स्वच्छ दिसत होते. आमच्यातील कोणी मांस खातो, कोणी खात नाही. यावरून एकमेकांचा विश्वास मोजणारे लोक आम्हांस भेटतात, तेव्हा वाँटेजचे ते जेवणाचे टेबल आम्हांस आठवते.

सन १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या. तेथील मित्रांनी विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे साहाय्य करण्याचे कबूल केले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले, ते १८९० मध्ये पुण्यास नेले. त्या घरात उच्च जातींच्या विधवा मुली येत. त्यांच्या घरच्यांचा विश्वास राहावा म्हणून स्वयंपाक ब्राह्मणी पद्धतीने, जातीचे नियम पाळून होत असे. बाई व मनोरमा स्वतः ख्रिस्ती असल्यामुळे त्यांचे जेवण निराळे असे. आपणच चालविलेल्या घरात आपल्याच मुलींच्या चुलीपासून दूर राहावयाचे, हे बाईंनी कित्येक वर्षे सोसले. तरीही काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे होताच १८९३ मध्ये पुण्यात मोठे वादळ झाले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या.

दहा वर्षांची मुदत संपल्यावर पुढे काय, ही काळजी बाईंस होतीच. दुसऱ्याच्या शिध्यावर उभे असलेले घर कसे कोसळते हे त्यांनी वडिलांच्या उदाहरणाने पाहिले होते. म्हणून अमेरिकन मित्रांकडून मिळालेल्या पैशांतून त्यांनी पुण्याच्या पूर्वेस सुमारे सोळा-सतरा कोसांवर, रेल्वेच्या केडगाव स्टेशनाजवळ, शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. संत्री, लिंबे, आंबे यांची झाडे लावावी व त्या उत्पन्नातून काही मुलींचा खर्च चालवावा, असा त्यांचा बेत होता. जमीन उघडी व माळरानाची होती. आधी विहिरी खणाव्या लागल्या. संत्र्याचे झाड लावल्यापासून चांगली फळे देईपर्यंत पाच-सहा वर्षे वाट पाहावी लागते, हे आमच्या अचलपूर व मोर्शीकडील बागवाल्यांस ठाऊकच आहे. बाईंस तेवढा वेळ मिळाला नाही. भाजीचे मात्र तसे नसते. मेथी तीन-चार आठवड्यांत ताटात येते.

सन १८९६ च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आमच्या सातपुड्याच्या पलीकडे, नर्मदेच्या खोऱ्यात, लोक गावे सोडून वाटेल तिकडे चालू लागले. वऱ्हाडातही ते वर्ष कठीण गेले आणि पुढे १८९९–१९०० चे वर्ष त्याहून भयंकर ठरले. बातम्या वाचून पंडिताबाईंस आपले तिरुपतीचे रान आठवले व त्या स्वतः त्या मुलखात गेल्या. सरकारी अन्नगृहांत व रस्त्यांवर त्यांनी जे पाहिले, विशेषतः निराधार मुलींस फसवून नेणारे लोक कसे टपून बसले होते ते पाहिले, त्यामुळे त्यांस स्वस्थ बसवेना. त्यांनी पहिल्याने साठ आणि पुढे मिळून तीनशे मुली आणल्या. पुण्यात प्लेगची साथ होती, म्हणून नव्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. तेव्हा बाईंनी त्यांस केडगावच्या शेतावर नेले, गवती झोपड्या उभ्या केल्या आणि जे शेत उत्पन्नासाठी घेतले होते तेच घर झाले. त्याचे नाव मुक्ती. १९०० मध्ये गुजरातेतील दुष्काळातून आणखी मुली आल्या, तेव्हा तेथे सुमारे एकोणीसशे माणसे झाली.

एकोणीसशे माणसांचे दोन वेळचे जेवण! आमच्या मंडळीच्या वार्षिक सभेस दोनशे माणसे जेवावयाची असली तर आठ दिवस आधीपासून सर्वांची झोप उडते. उपासाने खंगलेल्या पोराचे पोट एकदम भाकरी घेत नाही. पातळ पेज, मग मऊ भात, मग वरण व शिजवून घोटलेली भाजी, असे चढत जावे लागते. पुष्कळ मुली आल्या त्याच मरणाच्या वाटेवर होत्या आणि सर्व वाचल्या नाहीत. ज्या वाचल्या त्यांची भूक दिवसभर जात नसे. दुष्काळात मुलांची दृष्टी जाते त्याचे एक कारण आता वैद्यकास माहीत झाले आहे: हिरवा पाला, दूध, पिवळी फळे यांतून मिळणारे अ जीवनसत्त्व शरीरास मिळेनासे होते, प्रथम रातांधळेपणा येतो व मग बुबुळ खराब होते. शेवग्याचा पाला, माठ, पालक, लाल भोपळा यांत त्याचा पुरवठा असतो. त्या काळी कोणास जीवनसत्त्वाचे नावही माहीत नव्हते. तरी मुक्तीच्या शेतात भाजी होती व ती मुलींच्या पोटात जात होती.

पाणी हाच सर्वांत मोठा प्रश्न होता. माणसे, शंभरांवर गुरे, चाललेले बांधकाम आणि भाजीची लागवड या सर्वांची तहान त्याच विहिरींवर होती. दुष्काळाच्या त्या वर्षी आसपासचे झरे आटले होते. विहिरी संध्याकाळपर्यंत उपसून कोरड्या होत व सकाळी पुन्हा त्यांत पाणी दिसे, असे बाईंनी नमूद केले आहे आणि त्याबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले आहेत. वाफ्याचे काम ज्यांनी केले आहे त्यांस येथे आणखी एक गोष्ट दिसेल. पाणी मोजून द्यावयाचे असले की भाजीसारखे दुसरे पीक नाही. न्हाणीचे व भांडी धुतल्याचे सांडपाणीही तिला चालते. आमच्याकडे काळी जमीन पावसात चिखल होऊन मुळे कुजविते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून वऱ्हाडातील शहाण्या बाया परसात वाफा थोडा उंच करतात, त्यात शेणखत व चुलीची राख मिसळतात आणि न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर अळू, पुदिना व केळीचे एखादे खुंट लावतात. सांभार पेरावयाचा तो धणे चपलेखाली रगडून दोन फाका करून, नाही तर उगवण विरळ होते. कुंपणावर वाल व काटवलाचा वेल, चिवळ जमिनीलगत, अंबाडी कपाशीच्या कडेने. एवढे असले की आषाढापासून माघापर्यंत घरच्या बाईस भाजीसाठी बाजाराची वाट पाहावी लागत नाही.

मुक्तीत शाळा होती, तसेच विणकाम, तेलाची घाणी, दुधाचे काम, धुलाई, छापखाना, शेती व स्वयंपाक हीही होती. प्रत्येक मुलीने अक्षर शिकावे आणि त्याबरोबर हाताचे एक तरी काम शिकावे, असा नियमच होता. आंधळ्या मुलींस मनोरमाबाईंनी ठिपक्यांच्या लिपीने वाचावयास शिकविले आणि त्या टोपल्या विणीत. ब्राह्मण विधवा, कुणबी, माळी, महार, भिल्ल अशा सर्व थरांतील मुली तेथे एकत्र आल्या होत्या. शारदासदनात जी चूल जातीने बांधलेली होती, ती मुक्तीत कशी सुटली याचा विचार करावा. बाईंनी त्याविषयी भाषणे करण्यापेक्षा अन्न पिकविण्यापासून वाढण्यापर्यंतचे काम सर्वांत वाटून दिले. जिने खुरपले तिने चिरले, जिने पाणी धरले तिने दळले. वांग्यास खत घालणारा हात कोणाचा हे वांगे खाताना विचारून काही उपयोग नसतो. तरीही हे सोपे झाले असे समजू नये. भुकेल्या अवस्थेत आलेल्या मुली पोट भरल्यावर पुन्हा भांडत, जुने भेद उकरून काढीत. एक दिवसात कोणाचे मन बदलत नाही हे आमच्या उपदेशकांस वेगळे सांगावयास नको.

बाई स्वतः साधे पांढरे लुगडे नेसत आणि अन्नही साधेच घेत. परदेशी पाहुणे केडगावास येत, त्यांस विद्वान बाईंचे दर्शन घ्यावयाचे असे. त्या बाई कित्येकदा कोठारात धान्याचा हिशेब पाहताना किंवा बांधकामावर सापडत. आम्हांस त्यांच्या स्वभावात एक कडकपणाही दिसतो. त्या एकहाती कारभार करीत व विरोध त्यांस फारसा सोसत नसे; त्यांच्या मित्रांनीही तसे म्हटले आहे. तेवढ्या मोठ्या घराची चूल रोज दोनदा पेटविणाऱ्या बाईस मऊपणाने वागावयास किती सवड मिळत असेल हे सांगणे कठीण आहे.

दुष्काळ ओसरल्यावर मुक्तीतील काही मुली परिचारिका झाल्या, काही शिक्षिका, काही बायबलवाल्या बाया झाल्या आणि काहींची लग्ने होऊन त्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती घरांत गेल्या. बाईंनी उतारवयातील वर्षे पवित्र शास्त्राचे मूळ इब्री व ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईस समजावे, एवढ्यासाठी त्यांनी पंडिती मराठी बाजूस ठेवली. त्याची छपाईही मुक्तीच्याच छापखान्यात, त्याच मुलींच्या हातांनी झाली. १९१९ मध्ये सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. त्यांच्यावर सर्व कामाचा भार पुढे सोपवावयाचा होता. बाईंनी तेही सोसले, भाषांतराचे उरलेले काम पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संस्था आजही तेथे चालू आहे.

तरोट्याचे भांडे ज्या बाईने झाकून ठेवले होते, तिला आम्ही जेवण झाल्यावर ही हकीकत सांगितली होती. तिने रमाबाईंचे नाव ऐकले होते, पण पानांची गोष्ट ऐकली नव्हती. ती काही वेळ गप्प बसली, मग उठून चुलीजवळ गेली आणि भांड्यावरचे झाकण काढून आमच्यापुढे ठेवले. भाजी निवाली होती, तरी आम्ही ती पुसून खाल्ली.